पायगुण की कर्तबगारी? अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला अर्थव्यवस्थेचं श्रेय किती द्यायचं, ते ठरवण्याची रीत

"त्याच्या काळात गॅस दोन डॉलरच्या खाली होता!" अमेरिकेतल्या मराठी घरात निवडणुकीचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. गॅस म्हणजे तिकडचं पेट्रोल आणि 'तो' म्हणजे ट्रम्प. न्यू जर्सीला मामेभावाकडे मुक्कामाला असताना एकाच रात्री मी ते दोनदा ऐकलं, एकदा ताटावर आणि एकदा बडीशेप खाताना. समोरून वहिनींचं उत्तर तयारच होतं, "आणि ओबामांनी दहा टक्क्यांवरची बेकारी पाचाच्या खाली आणली, त्याचं काय?"

दोन्ही वाक्यांतले आकडे खरे आहेत. तरीही वाद तसूभर पुढे सरकला नाही. दोघंही राष्ट्राध्यक्षाला पायगुणावर जोखत होते. नवी सून आली आणि घरात भरभराट झाली, तर सून लक्ष्मीच्या पावलांची. त्याच महिन्यात सासऱ्यांची नोकरी गेली, तर अवलक्षणी. सुनेच्या बाबतीत हा अन्याय आहे हे आता आपल्याला कळतं. राष्ट्राध्यक्षाच्या बाबतीत मात्र शिकलेली माणसंही तेच करतात.

वादविवाद स्पर्धांसाठी मुलांची तयारी करून घेताना मला एक रीत सापडत गेली. ती इथे सविस्तर देतो. एक कोरा कागद, तासभर वेळ आणि इंटरनेट एवढं पुरतं. सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचं 'फ्रेड' नावाचं फुकट संकेतस्थळ उघडून ठेवा. तिथे 'अनएम्प्लॉयमेंट रेट' असं शोधलं की १९४८ पासूनचा महिन्या-महिन्याचा आलेख समोर येतो आणि मंदीचे काळ त्यात राखाडी पट्ट्यांनी दाखवलेले असतात. निम्मं काम तो एक आलेखच करतो.

१. वाक्य मोडा, प्रश्न करा

"अर्थव्यवस्था जोरात होती" या वाक्यावर वादच घालता येत नाही. कुठला आकडा, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत आणि कशाच्या तुलनेत, ही तीन उत्तरं कागदावर आल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी त्या रात्री एवढंच विचारलं होतं, "दादा, दोन डॉलरच्या खाली म्हणजे कुठल्या महिन्यात?" त्याला सांगता येईना. मग फोनवर शोधलं, तर निघाला एप्रिल २०२०. त्याच्याकडे शेवटी परत येऊ.

आकडा निवडताना तीन ठिकाणी हमखास फसगत होते.

पहिली फसगत भारतीय वाचकाची जास्त होते. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत अमेरिकेची अर्थव्यवस्था ३२.९ टक्क्यांनी घसरली असं सुरुवातीला जाहीर झालं. भारताची त्याच तिमाहीतली घसरण जाहीर झाली २३.९ टक्के. झालं, 'अमेरिकेपेक्षा आपण बरे' असे संदेश फिरू लागले. पण अमेरिकेचा आकडा असं सांगतो, की तिमाहीतली घसरण याच वेगाने वर्षभर चालू राहिली तर वर्षाला किती होईल. भारताचा आकडा मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी केलेली तुलना असते. भारताच्या मापाने मोजलं तर अमेरिकेची घसरण साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होती. एक आकडा मीटरमधला, दुसरा फुटांतला, आणि आपण नुसते आकडे पाहून कोण उंच ते ठरवत होतो.

दुसरी फसगत महागाईची. जून २०२२ मध्ये महागाईचा दर ९.१ टक्के होता, तो जून २०२३ मध्ये ३ टक्क्यांवर आला. याचा अर्थ भाव उतरले असा नाही. भाव वाढण्याचा वेग उतरला. बायडन यांचे समर्थक दराबद्दल बोलत होते आणि दुकानातून पिशवी भरून बाहेर पडणारा माणूस भावाबद्दल. दोघंही खरं बोलत होते.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण वादात फार उपयोगी पडते. नवा राष्ट्राध्यक्ष २० जानेवारीला शपथ घेतो. नोकऱ्यांची मासिक पाहणी मात्र महिन्याच्या १२ तारखेच्या आसपासची असते. म्हणजे जानेवारीचा आकडा जाणाऱ्याच्या काळातला असतो. ओबामा आले त्या जानेवारी २००९ मध्ये पावणेआठ लाखांच्या आसपास नोकऱ्या गेल्या. तो महिना ओबामांच्या खात्यात टाकायचा की बुश यांच्या, एवढ्यावर पूर्ण कारकिर्दीची बेरीज हलते. म्हणून आधी नियम ठरवा, मग बेरीज करा. उलटं केलं की माणूस आपल्याला सोयीचा महिना शोधतोच.

२. नावं झाका आणि आलेख पाहा

ही माझी सगळ्यांत आवडती पायरी. फ्रेडवर बेकारीचा ऑक्टोबर २००९ ते फेब्रुवारी २०२० हा तुकडा उघडा, खालची वर्षं हाताने झाका आणि समोरच्याला विचारा, राष्ट्राध्यक्ष कुठे बदलला ते बोट ठेवून दाखव. नाही दाखवता येत. ऑक्टोबर २००९ मधले १० टक्के, जानेवारी २०१७ मधले ४.७ आणि फेब्रुवारी २०२० मधले ३.५, सगळी एकच उतरण आहे. ऑक्टोबर २०१० पासून फेब्रुवारी २०२० पर्यंत सलग ११३ महिने नोकऱ्या वाढत होत्या. त्यातले साधारण दोन तृतीयांश महिने ओबामांचे, उरलेले ट्रम्प यांचे.

आता वारशाचं पाहा. थोरल्या बुश यांच्याइतका कमनशिबी माणूस शोधून सापडायचा नाही, त्यांनी मागे ठेवलेला वारसा दुसऱ्यानेच खाल्ला. जुलै १९९० मध्ये सुरू झालेली मंदी मार्च १९९१ मध्येच संपली होती. पण मंदी कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे ठरवणाऱ्या अर्थतज्ज्ञांच्या समितीने ते जाहीर केलं डिसेंबर १९९२ मध्ये, म्हणजे बुश निवडणूक हरल्यानंतर महिना-दीड महिन्याने. नोकऱ्या तोवर रेंगाळत होत्या, हेही खरं. क्लिंटन यांना वर चढत असलेली अर्थव्यवस्था मिळाली. धाकट्या बुशना मिळाली ती डॉट कॉमचा फुगा फुटल्यानंतरची: तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला नॅसडॅक हा शेअर निर्देशांक मार्च २००० मध्येच शिखरावरून घसरला होता आणि ते आल्यावर दोन महिन्यांत मंदी लागली. कावळा बसला आणि फांदी तुटली!

कागदावर शपथविधीच्या आधीची दोन वर्षं नेहमी काढा. काम पेरणाऱ्याचं आणि मळणी दुसऱ्याच्या खळ्यावर, हे इथे फार घडतं. सेमीकंडक्टरचे कारखाने उभारायला पैसा देणारा कायदा बायडन यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये केला. असा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. फीत कापायला कोण असेल, याचा कायद्याशी काही संबंध नाही.

३. सही कोणाची होती?

आता आकड्यामागचे निर्णय लिहा आणि प्रत्येकापुढे सही कोणाची ते लिहा. आपल्याकडच्या लोकांचा घोटाळा इथे होतो, कारण आपण 'सरकार' म्हणून एकच गोष्ट डोळ्यांसमोर आणतो. अमेरिकेत करांचे दर आणि खर्च काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, ठरवते. राष्ट्राध्यक्ष मसुदा सुचवतो, मतांसाठी धावपळ करतो, शेवटी सही करतो किंवा नकाराधिकार वापरतो. व्याजदर फेडरल रिझर्व्ह, म्हणजे तिथली मध्यवर्ती बँक, थोडक्यात 'फेड', ठरवतं. तिथल्या समितीत बारा मतं असतात. त्यातले सात गव्हर्नर राष्ट्राध्यक्षाने नेमलेले आणि सिनेटने मान्य केलेले, पण त्यांची पूर्ण मुदत चौदा वर्षांची. उरलेले पाच प्रादेशिक बँकांचे अध्यक्ष, त्यांना राष्ट्राध्यक्ष नेमत नाही.

बऱ्याच गोष्टींवर तर कोणाचीच सही नसते. २००८ मध्ये अमेरिका दिवसाला साधारण ५० लाख पिंपं कच्चं तेल काढत होती, २०१९ मध्ये १ कोटी २० लाखांच्या वर, आणि २०२३ मध्ये त्याहूनही जास्त. या काळात चार राष्ट्राध्यक्ष झाले. खडकात पाणी आणि वाळू दाबून तेल मोकळं करण्याचं तंत्र आणि टेक्सस, नॉर्थ डकोटातल्या खासगी जमिनी, खरं कारण हे.

मग राष्ट्राध्यक्षाच्या स्वतःच्या पेनात काय उरतं? आयात शुल्क, परदेशी माणसांचा प्रवेश, नेमणुका, आणीबाणीतले आदेश. हा भाग लहान नाही. २ एप्रिल २०२५ ला ट्रम्प यांनी जवळजवळ सगळ्या देशांवर शुल्क जाहीर केलं आणि पुढच्या दोन दिवसांत एसअँडपी ५०० हा शेअर बाजाराचा निर्देशांक दहा टक्क्यांहून जास्त पडला. ९ तारखेला बरंचसं शुल्क ९० दिवस पुढे ढकललं, तर तोच निर्देशांक एका दिवसात साडेनऊ टक्के वर गेला. एवढं स्वच्छ कारण आणि एवढा स्वच्छ परिणाम अर्थशास्त्रात क्वचित पाहायला मिळतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर गेलं आणि अंधेरीच्या सीप्झमधल्या दागिने घडवणाऱ्यांना धसका बसला. सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी (कामाच्या व्हिसाच्या) अर्जावर एक लाख डॉलरची रक्कम लागली आणि पुण्यातल्या कित्येक घरांत त्या रात्री झोप नव्हती. ही खाती थेट राष्ट्राध्यक्षाची. इथे 'फेडने केलं', 'जगात तसंच होतं' असं म्हणायला जागा नाही.

श्रेयाची अशीच स्वच्छ उदाहरणंही आहेत. फ्रँकलिन रूझवेल्ट ४ मार्च १९३३ ला आले तेव्हा लोक बँकांतून पैसे काढून घरात ठेवत होते. त्यांनी ६ तारखेपासून देशातल्या सगळ्या बँका आदेशाने बंद केल्या, तीन दिवसांत काँग्रेसकडून कायदा करून घेतला, १२ ला रेडिओवरून साध्या भाषेत लोकांना समजावलं, आणि १३ पासून तपासलेल्या बँका उघडायला लागल्या. लोक पैसे परत घेऊन आले. त्या आठवड्यात दुसरा माणूस त्या खुर्चीत असता तर असंच झालं असतं, असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

आणि हे नमूद करायलाच हवं, की त्या खुर्चीतून भलं करण्यापेक्षा वाटोळं करणं सोपं आहे. निक्सन यांनी ऑगस्ट १९७१ मध्ये भाव आणि पगार ९० दिवस गोठवले, फेडच्या प्रमुखावर पैसा सैल ठेवण्यासाठी दबाव आणला आणि १९७२ ची निवडणूक ४९ राज्यं जिंकून घेतली. पुढे नियंत्रणं सैल झाली, १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं, आणि १९७४ मध्ये महागाई ११ टक्क्यांच्या वर गेली. तेलाचा दोष निक्सन यांचा नाही. आधीच तापवून ठेवलेल्या तव्याचा मात्र आहे.

४. एक खटला पूर्ण चालवून पाहा: महागाई मोडली कोणी?

रीत हातात बसायला एक प्रकरण शेवटपर्यंत न्यावं लागतं. मी मुलांना नेहमी हेच देतो, कारण यात दोन्ही पक्षांच्या भक्तांना काहीतरी गिळावं लागतं.

प्रचलित गोष्ट अशी: कार्टर यांच्या काळात महागाई भडकली, रेगन आले, महागाई मोडली, भरभराट झाली. आकडे वरवर तसेच आहेत. १९८० ची सरासरी महागाई १३.५ टक्के, १९८३ ची ३.२. रेगन यांनी २८ ऑक्टोबर १९८० च्या वादसभेत मतदारांना विचारलं होतं, चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचं बरं चाललंय का? लोकांनी आठवड्याभरात उत्तर दिलं.

आता सह्या पाहू. महागाई मोडली ती व्याजदराने, आणि तो चढवला पॉल व्होल्कर यांनी. व्होल्कर यांना ऑगस्ट १९७९ मध्ये फेडच्या प्रमुखपदी नेमलं कार्टर यांनी. ६ ऑक्टोबरला, शनिवारी संध्याकाळी, व्होल्कर यांनी जाहीर केलं की पैशाचा पुरवठा आवळणार, व्याज जाईल तिथे जाऊ दे. ते २० टक्क्यांपर्यंत गेलं. घराच्या कर्जाचा दर १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये १८ टक्क्यांवर होता. आज आपण साडेआठाचा नऊ झाला तर हप्त्याचा हिशेब घेऊन बसतो, तिथे अठरा! घरं बांधणाऱ्यांनी लाकडी फळ्यांचे तुकडे पोस्टाने फेडला पाठवले, कारण त्या फळ्या लावायला घरंच उरली नव्हती. मोटारविक्रेत्यांनी न विकलेल्या गाड्यांच्या किल्ल्या पाठवल्या. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन वॉशिंग्टनमधल्या फेडच्या इमारतीसमोर आले. १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली.

म्हणजे माणूस कार्टर यांचा, औषध व्होल्कर यांचं. मग रेगन यांचा वाटा शून्य? नाही. औषध कडू लागायला लागलं तेव्हा खुर्चीवर रेगन होते. त्यांच्या सरकारातून फेडवर टीका होत होती, १९८२ मध्ये, राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावर होणाऱ्या निवडणुकीत, त्यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहातल्या २६ जागा गमावल्या, तरी त्यांनी व्होल्कर यांना आडकाठी केली नाही, आणि १९८३ मध्ये पुन्हा नेमलं. निक्सन यांनी काय केलं असतं, हे वर आलंच आहे. न करण्याचंही श्रेय असतं, आणि राजकारणात ते सगळ्यांत महाग पडतं.

१९८४ च्या प्रचारात अमेरिकेची सकाळ झाल्याच्या जाहिराती होत्या. त्या वर्षी वाढ सात टक्क्यांच्या वर होती. पण बेकारी पाहा: रेगन आले तेव्हा, जानेवारी १९८१ मध्ये, ७.५ टक्के आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये ७.२. चार वर्षांत जेमतेम तीन दशांश. मतदाराला मात्र १०.८ वरून ७.२ आठवत होतं, कारण माणूस शेवटचं वर्ष लक्षात ठेवतो. कार्टर यांचं नशीब नेमकं उलटं: शेवटच्या वर्षात मंदी आणि महागाई दोन्ही.

माझा निकाल: महागाई मोडण्याचं मोठं श्रेय व्होल्कर यांना, त्यांना नेमल्याचं ठोस श्रेय कार्टर यांना, आणि त्यांच्या वाटेत न आल्याचं तितकंच ठोस श्रेय रेगन यांना. १९८३-८४ ची उसळी बरीचशी व्याज उतरल्यामुळे आणि काही रेगन यांच्या करकपातीमुळे व वाढत्या सरकारी खर्चामुळे. तुमचा निकाल वेगळा येईल, चालेल. पण तो या पायऱ्यांवरून आलेला असू द्या.

५. शेजाऱ्याच्या घरात डोकावा

दुसरा कोणी असता तर काय झालं असतं, हे कधीच पक्कं कळत नाही. जवळात जवळची युक्ती म्हणजे त्याच वेळी दुसऱ्या देशांत काय झालं ते पाहणं. २०२२ मध्ये अमेरिकेची महागाई ९.१ टक्क्यांना भिडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिटनची ११.१ आणि युरो वापरणाऱ्या देशांची १०.६ होती. तिथे काही बायडन नव्हते. युक्रेनचं युद्ध आणि करोनाने तोडलेले पुरवठे सगळ्यांना सारखेच होते.

पण एवढ्यावर बायडन यांना मोकळं सोडू नका. अमेरिकेत महागाई लवकर, २०२१ मध्येच, चढली, युद्धाच्या आधी. मार्च २०२१ चा १.९ लाख कोटी डॉलरचा मदत कायदा त्यांचा. सॅन फ्रान्सिस्को फेडच्या अर्थतज्ज्ञांनी काढलेल्या अंदाजात २०२१ अखेरच्या महागाईच्या दरातले सुमारे तीन टक्के-अंक सरकारी मदतीमुळे असू शकतात असं आलं. त्यात ट्रम्प यांच्या काळातली मदतही धरलेली होती. त्याच मदतीने नोकऱ्याही लवकर परत आल्या. खातं दोन्ही बाजूंनी लिहायचं.

६. नाव बदलून पुन्हा वाचा

निकाल लिहून झाला की राष्ट्राध्यक्षाचं नाव खोडून विरुद्ध पक्षाचं घाला आणि मोठ्याने वाचा. घशात अडकलं, तर नियमात गडबड आहे. मिशिगन विद्यापीठाची ग्राहकांच्या मनःस्थितीची पाहणी दर निवडणुकीनंतर हेच दाखवते: नोव्हेंबरमध्ये पक्ष बदलला, की एका पक्षाच्या मतदारांना अर्थव्यवस्था एकाएकी छान वाटू लागते आणि दुसऱ्याच्या मतदारांना भिकार. पगार तोच, किराणा तोच.

डेमोक्रॅट मंडळींच्या हातात एक हुकमी पान असतं, तेही इथेच तपासून घ्या. प्रिन्स्टनचे ॲलन ब्लाइंडर आणि मार्क वॉटसन यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरचे राष्ट्राध्यक्ष मांडून पाहिले: डेमोक्रॅट असताना वाढ सरासरी ४.३३ टक्के, रिपब्लिकन असताना २.५४. फरक मोठा आहे. पण कारणं शोधताना त्यांना सरकारी खर्च किंवा व्याजदराचं धोरण सापडलं नाही. सापडले ते तेलाचे धक्के, उत्पादकतेतला फरक, परदेशातली परिस्थिती. म्हणजे बराचसा नशिबाचा भाग. वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्या जरा नाराज झाल्या.

७. निकाल लिहा

टक्क्यांत वाटणी करू नका. 'साठ टक्के श्रेय' असं म्हटलं की खोटी अचूकता येते. 'मोठा वाटा', 'थोडा वाटा', 'वाटा नाही' एवढंच लिहा आणि प्रत्येकापुढे एक कारण.

त्या रात्री आम्ही दादाच्या वाक्याचा कागद केला, तो असा. दावा: ट्रम्प यांच्या काळात गॅस दोन डॉलरच्या खाली. महिना: एप्रिल २०२०. वारसा आणि बाकीची वर्षं: २०१८ आणि २०१९ मध्ये देशाची सरासरी अडीच ते पावणेतीन डॉलरच्या दरम्यान. कारण: करोनामुळे गाड्या दारात उभ्या; २० एप्रिलला तर कच्च्या तेलाचा वायदा शून्याच्या खाली गेला, कारण तेल ठेवायला टाक्या उरल्या नव्हत्या. सही: कोणाचीच नाही. शेजारी: तेल सगळ्या जगात पडलेलं.

शेवटची ओळ लिहिताना दादा स्वतःच म्हणाला, "हे पण घाल." त्याच एप्रिलमध्ये ट्रम्प यांनी रशिया आणि सौदी अरेबियाला तेल कमी काढायला राजी करण्यात पुढाकार घेतला होता, टेक्सससारख्या राज्यांतले तेलवाले बुडू नयेत म्हणून. म्हणजे त्या महिन्यात त्यांची खरी धडपड भाव वर नेण्याची होती, आणि ती यशस्वी झाली. मी ते लिहिलं, आणि पुढे: मोठा वाटा, भाव सावरण्यात. भाव पडण्यात वाटा नाही.

मग खाली जून २०२२ चा पाच डॉलरचा गॅस लिहिला आणि पेन वहिनींकडे दिलं.